गॅरेजमधला एसी गार करत नाही? गॅस भरण्याआधी या चुका तपासा

बंगल्याच्या गॅरेजमध्ये हल्ली गाडी कमी आणि इतर कामंच जास्त दिसतात. कुणी तिथे जिम थाटतं, कुणी शिकवणी घेतं, कुणी सुतारकामाचं टेबल मांडतं. मग दीड टनाचा स्प्लिट एसी बसतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता रिमोटवर १८ आणि खोलीत ३१ अंश, अशी अवस्था झाली की मेकॅनिक येतो, गॅसचं प्रेशर मोजणारा गेज लावतो आणि म्हणतो, "गॅस कमी आहे." गॅस भरला जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. गॅरेजमध्ये तर बहुतेक वेळा दोष गॅसचा नसतोच.

आधी थर्मामीटर, मग गेज

एसी २० मिनिटं पूर्ण जोरात चालू द्या. इनडोअर युनिटच्या वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान साध्या डिजिटल थर्मामीटरने मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंश आला तर यंत्र आपलं काम करतंय, हरतेय ती खोली. कोकणातल्या दमट हवेत हा फरक थोडा कमी येतो, कारण यंत्राची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते.

फरक चार-पाच अंशच असेल तर आउटडोअर युनिटच्या नळ्या बघा. बारीक नळीवर बर्फ धरला असेल तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त. जाड नळीवरही बर्फ असेल तर आधी इनडोअरची जाळी आणि ब्लोअर (आतला पंखा) धुऊन घ्या, कारण तेव्हा अनेकदा हवाच कमी वाहत असते. आणखी एक गोष्ट. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, त्यामुळे मंद चालू असताना घेतलेलं प्रेशर काहीच सांगत नाही. टेस्ट मोडमध्ये पूर्ण वेगाने चालवून मगच गेज वाचायचा. आणि गॅस भरायचा तो वजनकाट्यावर मोजून, आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमनुसार. गेजच्या अंदाजाने नव्हे.

पत्रा आणि शटर: सगळ्यात मोठी चूक इथे

"१८० चौरस फूट आहे, दीड टन पुरेल" हा हिशोब स्लॅबखालच्या बेडरूमचा. गॅरेजला तो लावला की फसगत होते.

१० बाय १८ फुटांचं पत्र्याचं गॅरेज घ्या. छत झालं सुमारे १६.७ चौरस मीटर. बाहेर ४० अंश असताना उन्हातला जुना, काळवंडलेला पत्रा ६५ अंशांच्या आसपास जातो. आत २७ अंश हवे असतील तर नुसत्या पत्र्यातून सुमारे ३ किलोवॉट उष्णता आत येते. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट. म्हणजे दीड टनातला पाऊण टनाहून जास्त भाग छतानेच खाल्ला. पश्चिमेकडे तोंड केलेलं ८ बाय ७ फुटांचं लोखंडी शटर दुपारनंतर आणखी एक किलोवॉट आत ढकलतं. उरलं काय? त्यात भर म्हणजे कंपनी दीड टन लिहिते ते बाहेर ३५ अंश धरून. अकोल्यात किंवा चंद्रपुरात ४५ झाले की यंत्राची क्षमताही घटलेली असते.

आता त्याच छताखाली ५० मिमीचं पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये कडक फोम भरलेला तक्ता टाका. तोच आकडा ३,००० वॉटवरून ३०० वॉटच्या आत येतो. दोन टनाचा एसी घेण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा, कारण तो वीजबिलातही उतरतो. पफ परवडत नसेल तर पत्र्याखाली ग्लासवूल आणि त्याखाली पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग करा, वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या. नुसतं पीव्हीसी सीलिंग मात्र फारसं काही थांबवत नाही. छान दिसतं, एवढंच.

शटरची गोष्ट वेगळी. पट्ट्यांचं शटर तापतं ते एक, आणि चारही बाजूंनी फटी असतात ते दुसरं. खाली जमिनीशी, दोन्ही बाजूंच्या खाचांत, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे वर, जिथे शटर गुंडाळलं जातं त्या पेटीत. ही पेटी बऱ्याचदा आतून सताड उघडी असते आणि पत्र्याखालची गरम हवा तिथून खोलीत उतरते. पेटीला आतून प्लायचं झाकण करून कडा फोमने बंद करा, बाजूंना ब्रशच्या पट्ट्या लावा, तळाला रबर. शटर रोज उघडायचं नसेल तर आतून दोन-तीन फुटांवर जाड पडदा किंवा सरकतं पार्टिशन. संध्याकाळी दिवे बंद करून बाहेर बॅटरी धरा आणि आतून बघा, फटी आपोआप दिसतील.

गाडीही त्याच गॅरेजात लागत असेल तर तापलेलं इंजिन तासभर उष्णता सोडत राहतं, म्हणून गाडी आत घेतल्याबरोबर एसी लावून उपयोग नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शटर बंद करून इंजिन कधीही चालू ठेवू नका. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवत राहतो. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इनडोअर कुठे लावता?

सरळ हिशोब म्हणून शटरच्या समोरची भिंत निवडली जाते. मग थंड झोत थेट शटरवर आदळतो आणि फटीतून बाहेर जातो. बाजूची भिंत बरी. जमिनीपासून ७ ते ८ फूट उंची, वर छतापर्यंत निदान १५ सेंमी मोकळी जागा, कारण हवा वरूनच ओढली जाते. गाडीच्या बॉनेटवर किंवा विजेच्या मशीनवर इनडोअर येऊ देऊ नका. ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर नेणारा पाइप, तुंबला की पाणी नेमकं तिथेच पडतं.

सुतारकाम किंवा ग्राइंडिंग होत असेल तर जाळी आठवड्याला धुवा. लाकडाचा भुसा जाळीतून निसटून ओल्या कॉइलवर बसतो आणि तिथे लगदा होतो. तो नंतर प्रेशर पंपाशिवाय निघत नाही.

नळ्यांचं काम: इथे घाई केली की वर्षभरात गळती

दीड टनाला सहसा पाव इंची आणि अर्धा इंची नळी लागते, मेकॅनिकच्या भाषेत दोन सुती आणि चार सुती. भिंत नऊ इंची, आउटडोअर नेमका पलीकडे, म्हणून मीटरभर नळी ठेवून बाकीची कापून टाकायची, ही सर्रास होणारी चूक. बहुतेक कंपन्या किमान ३ मीटर नळी मागतात. कमी ठेवली तर कॉम्प्रेसरची थरथर थेट इनडोअरपर्यंत पोचते. जास्तीची नळी आउटडोअरच्या मागे आडवी गुंडाळून ठेवा. उभी वेटोळी केली तर खालच्या वळणात तेल साचतं. उलट नळी कारखान्यात भरलेल्या गॅसच्या मर्यादेपेक्षा लांब गेली, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रॅम प्रति मीटर हिशोबाने गॅस वाढवावा लागतो.

दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. घरगुती स्प्लिटमध्ये गॅस पसरवणारी कॅपिलरी किंवा व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे बारीक नळीही गार असते. दोन्ही एकाच फोममध्ये कोंबल्या किंवा बारीक उघडी ठेवली की पावसाळ्यात भिंतीवर ओल धरते आणि लोक ड्रेनला दोष देतात.

आता फ्लेअर, म्हणजे नटमध्ये बसवायला नळीचं फुलवलेलं तोंड. गळतीच्या तक्रारींचं माहेरघर हेच. नळी हॅकसॉने नव्हे, कटरने कापायची. कडेची धारदार कोर (बर) रीमरने काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. फुलवलेली कड गुळगुळीत आणि चारही बाजूंनी सारखी हवी. चीर किंवा ओरखडा दिसला तर कापून पुन्हा करा. नट आवळताना दोन पाने वापरायचे, एक धरायला, एक फिरवायला. पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ५० ते ६० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसलेला माणूस सहसा बारीक नट गरजेपेक्षा जास्त आवळतो. फ्लेअर पातळ होतो आणि पहिल्या उन्हाळ्यात नाही तर दुसऱ्या उन्हाळ्यात फुटतो.

यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं. ही पायरी खुशाल गाळली जाते. आउटडोअरचा थोडा गॅस सोडून "हवा काढली" असं सांगतात. त्याने सगळी हवा निघत नाही आणि ओल तर अजिबात नाही. राहिलेली हवा प्रेशर वाढवते, कडक उन्हात कॉम्प्रेसर ट्रिप होतो. राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल तयार करते, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. शिवाय बऱ्याच एसींत असणारा आर-३२ गॅस सौम्य ज्वलनशील आहे. गॅरेजमध्ये पेट्रोलचा डबा, वेल्डिंग, ग्राइंडर असताना तो हवेत सोडणं धोक्याचंच. क्रम असा ठेवा: आधी नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासा, मग पंप १५ ते २० मिनिटं, पावसाळ्यात अर्धा तास. व्हॅक्यूम मोजणारा मायक्रॉन गेज असेल तर आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली. पंप बंद करून १० मिनिटं थांबा, काटा चढला तर गळती किंवा ओल आहे. मगच ॲलन कीने दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह अगदी "गॅस कमी" सारखाच वागतो, आणि त्यावर गॅस भरला की नवीच भानगड. गळती तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरू नका. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

व्हॅक्यूम पंप न आणलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं तरी चालेल.

ड्रेन

भिंतीतलं भोक ६५ मिमीचं आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. ड्रेन पाइपला दर मीटरला निदान १ सेंमी ढाळ. मध्ये कुठे पोट आलं किंवा टोक बादलीतल्या पाण्यात बुडलं की हवा अडकते आणि पाणी इनडोअरमधून भिंतीवर उतरतं. काम संपल्यावर जाळी काढून ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओता, बाहेर सगळं यायला हवं. हे पाणी शटरसमोर सोडू नका. कोब्यावर शेवाळ धरतं आणि दुचाकी घसरते. कुंड्यांना घाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र नको, ते डिस्टिल्ड वाटलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश घेऊन येतं.

वीज

गॅरेजला बहुधा एक ट्यूब आणि एक प्लग एवढीच वायरिंग असते, १.५ चौरस मिमीची. तिच्यावरच एसी लावला की बोर्डाच्या मागचे सांधे तापतात. दीड टनासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, सी-प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी आणि खरं अर्थिंग हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर आधी वायरमन बोलवा. पॉइंट जमिनीपासून उंच ठेवा, कारण पेट्रोलची वाफ खाली साठते. स्टॅबिलायझर लागतो की नाही हे पुस्तिकेतली व्होल्टेजची मर्यादा आणि तुमच्या भागातलं रात्रीचं व्होल्टेज बघून ठरवा. लागलाच तर दीड टनाला ४ केव्हीए.

आउटडोअर

गॅरेज आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या दीड फुटाच्या बोळात आउटडोअर बसवला की तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. पंख्यासमोर निदान ३ फूट मोकळे हवेत, मागे १० ते १५ सेंमी. पत्र्याच्या छतावर ठेवणं आणखी वाईट: खालून तापलेली हवा, वर थरथर, आणि सर्व्हिसला माणूस चढला की पत्रा वाकतो. सावली जरूर करा, पण पेटीसारखं झाकू नका.

यंत्राचं वजन ३० किलोच्या आसपास. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंतीत साधे अँकर फास्टनर थरथरीने सैल होतात, तिथे आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी. समुद्रापासून जवळ असाल, रत्नागिरी असो की मालवण, तर रंगवलेला लोखंडी स्टँड दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो. गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या आणि कॉइल महिन्याला गोड्या पाण्याने धुवा.

शेवटचं म्हणजे पाली. इन्व्हर्टर आउटडोअरच्या सर्किट बोर्डवर पाल चढून शॉर्ट होणं ही इकडची नेहमीची गोष्ट आहे, आणि बोर्डाचा खर्च मोठा असतो. नळ्यांच्या भोकाभोवती पुटी भरा, वायर आत जाते तिथली फट बारीक जाळीने बंद करा. हवेच्या जाळीला मात्र हात लावू नका.