रॅक बसवण्याआधी अर्थिंग बघा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात सर्व्हर-नेटवर्कचा रॅक लावण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. चालू सॉकेटवर तो आधी पडताळा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ लोड चालू असताना २-३ व्होल्टच्या आत हवं. लोड असूनही नेमका शून्य आला तर खूश होऊ नका. बऱ्याचदा सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेले असतात. तिथला न्यूट्रल तुटला की रॅकची बॉडीच लाइव्ह!

फेज-अर्थला २३० दिसलं म्हणजे अर्थ पक्का, असंही नाही. गंजून एका तारेवर लटकलेली वायरही तो आकडा दाखवते. अर्थ पिटचा (जमिनीत अर्थिंग पुरलेल्या खड्ड्याचा) रेझिस्टन्स अर्थ टेस्टरनेच मोजा, शक्यतो मे महिन्यात. नाशिकच्या काळ्या खडकावरची माती तेव्हा सुकते. पावसाळ्यातलं रीडिंग फसवं, ओल्या मातीत रेझिस्टन्स कमी दिसतो. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थ बघू नका: अर्थ तुटलेला असेल तर त्या अर्थला जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या बॉड्यांत करंट उतरतो.