पतंगांच्या नोंदी करायच्यात? मग आधी हे वाचा

‘मी पतंगांचा अभ्यास करतो’ म्हटलं की समोरचा हमखास मांज्यावर घसरतो. म्हणून हल्ली मी ‘दिव्यावर येणारे पतंग’ असंच सांगतो.

भारतात फुलपाखरांच्या तेराशे-चौदाशे प्रजाती आहेत, पतंगांच्या १०,००० हून जास्त. तरी नवखा माणूस येतो तो अ‍ॅटलस नाहीतर मून मॉथ असे मोठे, देखणे पतंग बघायला. मीही तसाच आलो होतो. पतंग दिव्याकडे येऊन बसावेत म्हणून दिव्याजवळ पांढरी चादर टांगतात; मी पहिली टांगली ती भर पौर्णिमेला, मोकळ्या माळावर. चार किडे आणि एक पाल. चांदण्यात दिव्याचा प्रभाव कमी पडतो हे मग कळलं. अमावास्येच्या आसपासची, ढगाळ, दमट, वारा पडलेली रात्र निवडा. झाडीच्या कडेला बसा आणि मध्यरात्रीनंतरही जागे राहा, कारण काही प्रजाती उशिराच येतात.

माझी खरी चूक मात्र वेगळी होती. दोन पावसाळ्यांच्या फोटोंवर मी ‘सह्याद्री, जुलै’ एवढंच लिहून ठेवलं होतं. कोकणाकडचा उतार की घाटमाथा, उंची किती, शेजारी ऐन होता की कारवी, काहीच नाही. फोटो सुंदर, पण प्रसाराच्या नकाशात एक ठिपकाही टाकता येईना. अळी ठरावीक झाडांवर जगते, त्यामुळे झाड बदललं की पतंग बदलतात. घाटमाथ्यावरून वीस-तीस किलोमीटर पूर्वेला उतरलात तरी चादरीवरची मंडळी बरीच वेगळी दिसते.

नकाशे वाचताना आणखी एक पथ्य पाळा. ब्रिटिश भारतातल्या पतंगांवरचे हॅम्पसनचे १८९२ ते १८९६ दरम्यानचे चार खंड आजही उघडावे लागतात. त्यांत निलगिरी आणि सिक्कीम पुन्हापुन्हा भेटतात. हॅम्पसन स्वतः निलगिरीत चहाचा मळेवाला होता! जिथे माणूस बसला, तिथे नोंदी झाल्या. आजच्या ऑनलाइन नकाशांचंही तेच: शहरांभोवती आणि पर्यटनाच्या घाटांत ठिपक्यांची गर्दी, मधले जिल्हे कोरे. कोरं म्हणजे तिथे पतंग नाहीत असं नव्हे. तुमचं गाव त्या कोऱ्या भागात असेल तर तुमच्या घरामागची चादर माझ्या घाटातल्या चादरीपेक्षा मोलाची.

ओळखीची घाई नको. काही प्रजाती जननेंद्रियांचं विच्छेदन केल्याशिवाय वेगळ्या करताच येत नाहीत, फोटोवर तर नाहीच. ‘जिऑमेट्रिडी कूळ’ एवढं लिहून थांबण्यात कमीपणा नाही. नमुने मारून गोळा करण्याच्या फंदात पडू नका, आणि राखीव जंगलात रात्री दिवा लावण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. निव्वळ वर्गीकरणाच्या जागा फार थोड्या. पगार बहुतेकदा कृषी कीटकशास्त्रात आहे: गुलाबी बोंडअळी, घाटेअळी, २०१८ मध्ये भारतात प्रथम आढळलेली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी. ही सगळी पतंगांचीच पिल्लावळ. मी प्रकाश सापळ्यांत आणि कामगंध सापळ्यांत (मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या) आलेले पतंग मोजतच शिकलो. रोज त्याच जागी, त्याच वेळी मोजायची सवय तिथेच लागली, आणि ती जंगलातल्या चादरीलाही उपयोगी पडली.

आता माझ्या वहीत ‘रात्री ८ ते २, मुसळधार पाऊस, एकही नाही’ अशाही ओळी आहेत. सुरुवातीला त्या लिहायची लाज वाटायची.