मिश्र माध्यमातलं चित्र तडकतं, चिकट राहतं, सुटतं: नागपूरच्या हवेत या चुका टाळा

कॅनव्हासवर ॲक्रेलिक, त्यावर माती, मधे वर्तमानपत्राचा तुकडा आणि वरून रेझिन, असं काम आता सर्रास होतं. बिघडलं की खापर रंगाच्या ट्यूबवर फुटतं. खरं कारण बहुतेक वेळा निराळं असतं: एकाच चित्रातली माध्यमं वेगवेगळ्या तऱ्हेने वाळतात आणि आपण सगळी एकाच घाईने वापरतो. ॲक्रेलिक, जलरंग, पांढरा गोंद पाणी उडून वाळतात. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. इपॉक्सी रेझिन दोन द्रवांच्या रासायनिक क्रियेने कडक होतं. त्यात आपली हवा अशी की मे महिन्यात पारा ४५ पर्यंत आणि दुपार कोरडी ठक्क, जुलैत मात्र कपाटातल्या कागदालाही ओल. बाटलीवर छापलेला वेळ २०-२५ अंशांच्या खोलीसाठी असतो. तो इथे बाराही महिने लागू पडेल, ही अपेक्षाच चुकीची.

जेसोला केसासारख्या भेगा

जेसो म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला द्यायचं पांढरं अस्तर. त्याचा जाड एकच हात मारला आणि वर पंखा फुल्ल सोडला, की वरची साय आधी वाळते, खालचं पाणी अडकतं आणि ते उडताना थर आकसून फाटतो. पहिल्या हातात जेसोच्या पाव भागाइतकं पाणी घाला, पुढचे दोन हात पातळच पण पाण्याशिवाय द्या. प्रत्येक हात आधीच्याला काटकोनात. उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरका आणि गच्चीवर तापलेला कॅनव्हास आधी खोलीत थंड होऊ द्या. वर ॲक्रेलिक लावायचं असेल तर एक दिवस थांबलं तरी चालतं, तैलरंगासाठी तीन दिवस थांबा.

स्वस्तात पडतं म्हणून भिंतीचं डिस्टेंपर जेसोऐवजी वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात खडूची भुकटी जास्त, बाइंडर (भुकटीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) कमी. बोट फिरवून पाहा, पांढरं लागलं तर वरचा रंगही एक दिवस तसाच सुटून येईल. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पडद्याला ठीक, विकायच्या चित्राला नाही.

उन्हाळ्यात ॲक्रेलिक हाताला लागत नाही

ब्रश उचलून परत टेकवेपर्यंत रंग सुकलेला असतो. मग लोक पाणी ओततात. पाण्याने रंगद्रव्य पसरतं, पण त्याला धरून ठेवणारा बाइंडर विरळ होतो आणि थर पुसट, खरखरीत बनतो. तीन भाग रंगाला एक भाग पाणी, त्यापुढे पातळ करायचं तर ॲक्रेलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेला ॲक्रेलिकचा बाइंडर, वापरा. रिटार्डर (रंग उशिरा सुकावा म्हणून घालायचा द्रव) शंभरात दहा-पंधरा भागांपलीकडे गेला तर पावसाळ्यापर्यंत चित्र चिकट राहू शकतं. त्यापेक्षा पॅलेटमध्ये ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवणं सोपं. कूलरचा झोत चित्रावर नको, पण कूलर चालू असलेल्या खोलीत दमट हवेमुळे रंग थोडा जास्त वेळ ओला राहतो, त्याचा फायदा घ्यावा.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, खरवडायचे, ही त्यांची पद्धत पाहून अनेकजण ॲक्रेलिकवर तेच करायला जातात. ते तैलरंगात काम करत आणि तैलरंग दिवसेंदिवस ओला राहतो. मे महिन्यात अर्धवट सुकलेल्या ॲक्रेलिकवर रोलर फिरवला तर खालचा पापुद्रा रबरासारखा गुंडाळून येतो. रोलरच वापरायचा असेल तर काम तैलरंगात करा, किंवा ॲक्रेलिकमध्ये जेल मीडियम घालून हातभर जागेचेच तुकडे घ्या.

काळ्या मातीचा पोत

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर. विदर्भाची काळी कापूस माती दिसायला देखणी, पण तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तुमच्या फळीवरही पडणारच. नुसता गोंद वाढवून ते थांबत नाही, उलट कडक झालेला थर कडेने वळून फळी सोडतो.

ढेकळं दिवसभर पाण्यात भिजू द्या. ढवळून, मुळं आणि चुनखडीचे खडे चाळणीने काढून, रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी टाका. असं दोन-तीनदा केलं तर क्षारही निघतात. ते राहिले की महिन्याभरात पांढरा खार फुटतो. मग माती एक भाग, बारीक चाळलेली वाळू तीन भाग आणि पिळलेला कागदाचा लगदा अर्धा भाग. प्रत्येक शेताची माती वेगळी असते, म्हणून वाळू दोन, तीन आणि चार भाग असे तीन नमुने हातभर पट्टीवर लावून सुकवून पाहा आणि ज्यात भेग नाही ते प्रमाण घ्या. पाण्याऐवजी एकास तीन पाणी घातलेलं ॲक्रेलिक मीडियम किंवा पांढरा गोंद वापरा. लवंगेच्या तेलाचे चार थेंब घातले तर लगद्याला बुरशी लवकर धरत नाही.

ताणलेल्या कॅनव्हासवर माती लावू नका, तो हलतो आणि माती हलत नाही. बारा मिलिमीटरची प्लायवुडची फळी घ्या, तिच्यावर तागाचं कापड गोंदाने चिकटवा, थर दोन-तीन मिलिमीटरचा ठेवा आणि पहिल्या दिवशी ओलं पोतं वरून अधांतरी टांगून सावलीत सुकवा. दुसरा थर देण्याआधी पहिल्यावर पाणी शिंपडा. नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत मूर्तिकार कामाला लागलेले असतात तेव्हा एक चक्कर मारा. मूर्ती सावलीत सुकायला का ठेवतात ते हात लावून विचारता येतं.

भेगा हव्याच असतील, तर वाळू एक भागच ठेवा. सुकल्यावर एकास चार पाणी घातलेलं मीडियम स्प्रेने चार-पाच वेळा भेगांत मुरू द्या. एका दिवसात सगळं ओतलं तर माती पुन्हा फुगते.

तेलावर पाणी

सुकलेल्या ॲक्रेलिकवर तैलरंग चालतो, उलटं चालत नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, पण ऑइल पेस्टल यात मोडतो हे विसरलं जातं. त्यात मेण आणि कधीच न सुकणारं तेल असतं. त्याच्यावर मारलेला ॲक्रेलिक नखाने निघतो. ऑइल पेस्टल शेवटी आणि काचेखाली.

तैलरंगातच काम असेल तर खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल जास्त. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. आणि तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका: जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात टाका.

रेझिन

चिकट राहण्याची कारणं दोन, आणि उपाय वेगळे. वाटोळे डाग जागोजागी मऊ असतील तर मिश्रण नीट ढवळलं गेलं नाही किंवा प्रमाण चुकलं. डब्यावर दोनास एक असं लिहिलेलं असतं, पण ते वजनाने की मापाने हे वाचलं जात नाही. १०० मिलिलिटर रेझिनचं वजन साधारण ११० ग्रॅम भरतं, हार्डनर (त्यात मिसळायचा दुसरा द्रव) त्याहून हलका, म्हणून काट्यावर आणि पेल्यात उत्तर वेगळं येतं. मऊ भाग खरवडून, पुसून पुन्हा ओतावा, दुसरा इलाज नाही. सगळा पृष्ठभाग मेणचट लागत असेल तर तो पावसाळ्याच्या दमटपणाचा पापुद्रा. आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर लावा. उलट क्रम केला तर पापुद्रा आत घासला जातो.

मे महिन्यात उलट अडचण येते. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट होण्याआधी हातात असलेला वेळ जवळजवळ निम्मा होतो. खोल पेल्यात राहिलेलं रेझिन तापून धूर सोडू लागतं. छोटी मापं करा, पसरट ताटात ओता, तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम देऊ नका. ॲक्रेलिक रंग मिसळायचा तर शंभरात पाच भागांच्या आत, कारण त्यातलं पाणी क्रिया बिघडवतं.

कागद, फुलं, वर्तमानपत्र

वर्तमानपत्र पिवळं पडतंच, त्याच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे. रंग टिकायला हवा असेल तर लेझर झेरॉक्स काढून तो चिकटवा. इंकजेट प्रिंट ओल्या बोटाने आधी तपासा, शाई पसरली तर वापरू नका. सुरकुत्या येतात त्या गोंद एकाच बाजूला लावल्याने. कागदाला आणि फळीला दोन्हीकडे पातळ लावा आणि मधून कडेकडे रबरी रोलर फिरवा.

पळसाच्या फुलांचा रंग काढायचा मोह होतो. तो उन्हाला टिकत नाही, हळदीचा तर मुळीच नाही. एक पट्टी अर्धी झाकून चार आठवडे दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, फरक स्वतः दिसेल. संत्र्याची साल, पानं असलं काही चिकटवायचं तर पूर्ण वाळवून, दोन्ही बाजूंना मीडियम लावूनच.

नेताना

चित्र सुकलं म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण ॲक्रेलिकचा थर उष्णतेने मऊ पडतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर ते एकमेकांना चिकटतात आणि बबल रॅप थेट रंगावर लावला तर गोल गोल ठसे उठतात. रंगाला लागून सिलिकॉनचा बेकिंग पेपर, त्यावर पुठ्ठा, मगच बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. दुपारच्या आत पोहोचवता येत नसेल तर संध्याकाळी निघा.