भोकाला टाका घालायचा नसतो

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटलेली केस पहिल्यांदा पाहिली, तेव्हा वाटलं होतं, भोकच आहे ना, चार टाके मारले की झालं! सरांनी फोर्सेप्सने कड नुसती धरली आणि ती ओल्या कागदासारखी सुटून आली.

अटॅकमध्ये मेलेला हृदयाचा स्नायू तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास असा लिबलिबीत होतो. काही वेळा पहिल्या 24 तासांतच फाटतो. बाहेरची भिंत फाटली तर रक्त पेरिकार्डियममध्ये, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत, साचून हृदय आवळलं जातं आणि बहुतेकदा ऑपरेशन थिएटर गाठायलाही वेळ मिळत नाही. दोन व्हेंट्रिकलमधला (खालच्या कप्प्यांमधला) पडदा फाटला तर थोडी उसंत मिळते, पण आधी ते ओळखायला तर हवं. अँजिओप्लास्टी लवकर होऊ लागल्यापासून या केसेस हजारात दोन-तीनवर आल्यात, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही आणि स्टेथो गळ्यातच राहतो. काल नसलेला खरखरीत मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) आज उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, डाव्या कडेला ऐकू आला, हाताला थ्रिल, म्हणजे थरथर, लागली, तर राउंड तिथेच थांबवा आणि एको (हृदयाची सोनोग्राफी) मागवा.

अमेरिकन हार्ट सर्जन डेंटन कूलींनी 1956 मध्ये असा पडदा पहिल्यांदा शिवला. हल्ली बरेच सर्जन मेलेल्या भागातूनच डावं व्हेंट्रिकल उघडतात आणि भोकासकट सगळ्या मेलेल्या भागावर आतून बैलाच्या पेरिकार्डियमचा पॅच अंथरतात. टाके दूर, धडधाकट स्नायूत, खोल घ्यायचे. जिथे टाका भिंतीबाहेर येतो तिथे टाक्याने स्नायू चिरू नये म्हणून टेफ्लॉन फेल्टची पट्टी. खालच्या-मागच्या बाजूचं भोक जास्त छळतं, कारण मायट्रल झडपेला धरून ठेवणारा पॅपिलरी स्नायू तिथेच असतो.

आता वेळेचा प्रश्न. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सच्या नोंदीत सात दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांचा मृत्युदर सुमारे 54 टक्के, नंतर झालेल्यांचा 18. जर्नल क्लबमध्ये हे आकडे दाखवून मी ऐटीत म्हणालो, "म्हणजे थांबावं." सरांनी एवढंच विचारलं, "थांबता थांबता जे गेले, ते या 18 टक्क्यांत कुठे आहेत?" मी गप्प. महाधमनीत फुगणारा-मिटणारा बलून पंप लावून डाव्या व्हेंट्रिकलवरचा भार हलका होतो, उजवीकडे जाणारं रक्त घटतं, रुग्ण सावरत असेल तर थांबता येतं. लघवी आटली, रक्तातलं लॅक्टेट चढलं, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं झालं, की थांबण्यात अर्थ नाही.

आणि बायपासवरून (हार्ट-लंग मशीनवरून) उतरलात की टीईई, म्हणजे अन्ननलिकेतून केलेला एको, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पॅचच्या कडेने गळती राहते, आणि ती छाती बंद केल्यावर सापडली तर पुन्हा त्याच ओल्या कागदात हात घालावा लागतो.