चेनसॉच्या बार स्टडचे आटे गेले? दुरुस्ती करताना या चुका टाळा

बारचा, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचा, नट आवळायला घेतला, तो फिरतोय, फिरतोच आहे, पण घट्ट काही होत नाही. असं झालं की बहुतेक जण लगेच स्टडला, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्याला, दोष देतात. नवा स्टड आणून बसवतात आणि तो नवा स्टडही पहिल्याच आवळणीत तसाच फिरायला लागतो. कारण बिघाड स्टडमध्ये नव्हताच, तो ज्यात बसतो त्या केसिंगमध्ये, म्हणजे सॉच्या धातूच्या कवचात, होता. या कामातल्या निम्म्या चुका इथेच सुरू होतात.

बिघाड कुठे आहे हे न बघताच हात घालणे

स्टडला दोन्ही टोकांना आटे असतात. बाहेरच्या आट्यांवर नट बसतो, आतले आटे केसिंगमध्ये असतात. स्टड पोलादाचा असतो, केसिंग मात्र मॅग्नेशियम मिश्रधातूचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे त्याच्यापेक्षा बरंच मऊ. ओढाताण झाली की आधी हार केसिंगची होते.

कव्हर, बार आणि चेन काढून ठेवा. आधी नवा नट हाताने फिरवून पाहा. तो व्यवस्थित बसला तर जुना नटच खराब होता, विषय संपला. नट आट्यांवरून उडी मारतोय पण स्टड जागचा हलत नाही, तर बाहेरचे आटे गेले. नटाबरोबर स्टडही गोल फिरतोय, हाताने धरून हलवला की डुगडुगतोय किंवा ओढल्यावर चक्क बाहेर येतोय, तर केसिंगचे आटे गेले. असा स्टड बाहेर काढल्यावर त्याच्या आतल्या आट्यांत चंदेरी तारेसारखं वेटोळं अडकलेलं दिसेल. तेच केसिंगचे आटे.

आणखी एक शक्यता सहज नजरेतून सुटते. बऱ्याच स्टडना मध्ये जाड खांदा असतो आणि तो केसिंगला टेकायला हवा. स्टड सैल होऊन थोडा बाहेर आला असेल तर आटे संपून नट खांद्यावरच अडतो. हाताला घट्ट लागतो, पण बार मात्र सैलच राहतो. शेजारच्या स्टडशी उंची ताडून पाहिली की हे लगेच कळतं.

जवळपास बसणारा नट चालवून घेणे

बऱ्याच सॉमध्ये स्टड एम ८ मापाचा (८ मिमी व्यासाचा), १.२५ मिमी पिचचा असतो; पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर. ५/१६ इंची नट त्यावर बसल्यासारखा वाटतो, कारण त्याचा व्यास ७.९४ मिमी, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पण त्याच्या जाड आट्यांची पिच १.४१ मिमी असते आणि बारीक आट्यांची १.०६ मिमी. एक-दोन फेरे जातो, मग जड लागतो, आणि पान्याने ढकलला की दोन्हीकडचे आटे चिरडतात. जुन्या सॉमध्ये इंची मापही सापडतं, म्हणून पिच गेज लावून खात्री करा. गेज नसेल तर साधा नियम: योग्य नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे.

बाहेरच्या आट्यांवर सरळ डाय चालवणे

डाय म्हणजे बाहेरचे आटे कापणारं हत्यार. तो वाकडा लागला तर चांगले आटेही कापून टाकतो. पहिले एक-दोनच आटे दबले असतील तर थ्रेड फाइल किंवा आटे सरळ करणारा चेसर पुरे. तेही नसेल तर योग्य मापाच्या एका पोलादी नटाला आतून हॅकसॉने दोन-तीन चिरा द्या आणि तेल घालून मागे-पुढे फिरवत चालवा. चिरांमध्ये कीस साठतो आणि आटे सरळ होतात. मधले आटेच गेले असतील तर मात्र खटपट करू नका, स्टड बदला.

स्टड काढताना पक्कड आणि आगीचा वापर

पक्कड लावली की उरलेले आटेही जातात. दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड उलटा फिरवा. स्टड एक्स्ट्रॅक्टर असेल तर उत्तमच. पण आधी हे बघा की तुमच्या सॉचा स्टड बाहेरून काढायचा आहे की नाही. काही मॉडेल्समध्ये तो मागच्या बाजूने बसवलेला, डोक्याचा किंवा खाचेत दाबलेला बोल्ट असतो. तो पिळत बसलात तर केसिंगच फुटेल.

स्टड थ्रेडलॉकरने (आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकटद्रव्याने) चिकटवलेला असेल तर थोडी उष्णता लागते. ती हीट गनने द्या, बर्नरने नाही. त्याआधी पेट्रोल आणि चेन ऑइल पूर्ण काढा, स्पार्क प्लगची टोपी काढा, आणि टाकी रिकामी झाली तरी तिच्यात वाफ असते हे विसरू नका. मॅग्नेशियमचा बारीक कीसही पेटतो, आणि पेटला तर त्यावर पाणी टाकायचं नसतं, कोरडी वाळू लागते. म्हणून कीस साचू देऊ नका आणि जवळ ग्राइंडरच्या ठिणग्या नकोत.

केसिंगचे आटे चिकटद्रव्याने भरणे

इपॉक्सी पुटी भरून त्यात स्टड रोवणं, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं, किंवा थोडा मोठा बोल्ट ठोकून बसवणं. हे प्रकार नट आवळेपर्यंत टिकतात. बारवर धक्के, कंप आणि तेल तिन्ही असतात, आणि अशा स्टडवर फिरणाऱ्या चेनचा भरवसा ठेवायचा नसतो. दोन स्टडचा सॉ एकाच नटावर चालवणं हीसुद्धा तात्पुरती सोय नव्हे.

खरा उपाय म्हणजे आट्यांचा इन्सर्ट, म्हणजे भोक मोठं करून त्यात बसवायचे तयार आटे: तारेचा हेलिकॉइल किंवा भरीव धातूची बुश. कमी खर्चात हेलिकॉइल होतो. वारंवार कव्हर काढावं लागत असेल तर मी भरीव बुश निवडेन, कारण तारेचं वेटोळं स्टडबरोबर बाहेर येण्याची कटकट त्यात नसते. मऊ धातूत पकड मिळायला लांबी महत्त्वाची आहे. एम ८ साठी १२ मिमी लांबीचा इन्सर्ट ठीक, जाडी पुरत असेल तर १६ मिमी अधिक चांगला.

हेलिकॉइलसाठी भोक साधारण ८.३ मिमीचं लागतं. पण किटबरोबर येणारा ड्रिल आणि टॅपच (भोकात आटे पाडणारं हत्यार) वापरा. साधा एम ८ टॅप इथे चालत नाही, इन्सर्टचा टॅप आकाराने मोठा असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भोक तिरकं जाणं. हातातल्या ड्रिलने नजरेच्या अंदाजावर पाडलेलं भोक किंचित कललं तरी बार आणि कव्हर नीट बसत नाहीत आणि नट एका बाजूनेच दाबतो. शक्य तर ड्रिल स्टँड वापरा. नाहीतर जाड पट्टीला काटकोनात अचूक भोक पाडून ती चांगल्या स्टडवर अडकवा आणि मार्गदर्शक म्हणून वापरा. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप लावा. काही सॉमध्ये भोकाच्या मागेच तेलाची टाकी असते.

ड्रिलिंगआधी बार टेकतो तिथलं तेलाचं छिद्र, टेन्शनर (चेनचा ताण कमी-जास्त करणारा भाग) आणि क्लच टेपने झाका. त्या छिद्रातून गेलेला कीस थेट ऑइल पंपाच्या वाटेला लागतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्यालाच चिकटतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवा. हेलिकॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली उतरवा आणि त्याची शेपटी, म्हणजे तळाशी आडवं वळलेलं तारेचं टोक, तोडून बाहेर काढा. ती आत राहिली तर स्टड अडतो, टाकीत पडली तर पंपाची पाळी येते.

तेलकट भोकात थ्रेडलॉकर ओतणे

भोक आणि स्टड ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण वाळू द्या. मध्यम ताकदीचा, सहसा निळा, थ्रेडलॉकर पुरे. कायमचा लाल लावलात तर पुढच्या वेळी स्टडबरोबर इन्सर्टही निघेल. भोक टाकीत उघडत असेल तर तिथे तेल-पेट्रोल सहन करणारा सीलंट हवा. थ्रेडलॉकर प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. स्टड खांदा टेकेपर्यंतच फिरवा, त्यापुढे जोर लावू नका, आणि डबीवर लिहिलेला वेळ जाईपर्यंत नट आवळू नका.

जुन्याच सवयीने नट आवळणे

आटे बहुतेक वेळा इथेच जातात. कव्हर बसत नसेल तर नटाने ओढून बसवू नका. टेन्शनरची पिन बारच्या छिद्रात गेलेली नसते, किंवा ब्रेक कव्हरमध्ये असलेल्या सॉमध्ये ब्रेक लागलेला असतो आणि त्याचा पट्टा क्लच ड्रमवर चढत नाही. पिन जुळवा, ब्रेक सोडा, कव्हर हाताने बसलं पाहिजे. दोन्ही नट बोटांनी लावा, बारचं टोक वर उचलून धरा, चेनचा ताण लावा आणि टोक खाली न सोडता नट आळीपाळीने आवळा. सॉबरोबर आलेलाच पाना घ्या, लांब दांडा किंवा इम्पॅक्ट गन नको. बारच्या दोन्ही बाजूंचा भुसा आधी पुसा. भुसा दबून बसला की नंतर नट आपोआप सैल पडतो.

थोडं लाकूड कापून झाल्यावर इंजिन बंद करा, सॉ थंड होऊ द्या आणि नट पुन्हा तपासा. भोकाभोवतीचा भाग पुसून तेल झिरपतंय का तेही पाहा. झिरपत असेल, किंवा भोकापासून निघालेली भेग दिसली, तर इन्सर्टवर वेळ घालवू नका, केसिंगचा तो अर्धा भाग बदला.