रामटेकच्या गडावर पायी जाण्याआधी

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र दूरच. पण झाडीतून चढत जावं आणि वर पोचल्यावर समोर पाणीच पाणी दिसावं, एवढी हौस रामटेकला पुरी होते. साधारण 50 किलोमीटर अंतर. कामठी, कन्हान, मनसर, तिथून उजवीकडे. गाडी गडाजवळपर्यंत जाते, तरी माझं मनापासून सांगणं आहे की अंबाळा तलावाशी उतरा आणि पायऱ्यांनी चढा.

तयारीला दोन दिवस आधी लागा, आणि सुरुवात पायाची नखं कापण्यापासून करा. मागच्या डिसेंबरात आमच्या काकू नव्या कोऱ्या बुटांत आल्या. चढताना काही झालं नाही. उतरताना प्रत्येक पायरीला अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहिला आणि रात्रीपर्यंत नख काळंनिळं पडलं. तेव्हा बूट वापरातलेच घ्या, तळ झिजलेला नको. काही पायऱ्यांचे दगड पावलांनी गुळगुळीत झालेले आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरणीला असते. देवळात बूट काढावे लागतात, त्यामुळे चटकन निघणारे असले तर बरं.

मोजे मात्र जाड नि गुळगुळीत विणीचे. पावसाळ्यानंतर वाटेकडेचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं मोज्यांत, पँटच्या शिवणीत घुसतात. ओढून काढायला गेलं की टोक आतच मोडतं आणि पुढचा तासभर टोचत राहतं. मोजा उलटा करून आतल्या बाजूने काढलं तर निघतं. फुल पँट घालाच, लहान मुलांनासुद्धा.

दिवस कार्तिक ते माघातला धरा. उन्हाळ्यात हा बेत नकोच. पावसात हिरवळ सुंदर, पण दगडावर शेवाळ असतं. त्रिपुरी पौर्णिमेला नि रामनवमीला गडावर यात्रेची गर्दी होते. दर्शनासाठी जायचं तर जरूर जा, शांत चालायचं असेल तर ते दिवस सोडा. पहाटे निघताना स्वेटर लागतो आणि दहापर्यंत तो कंबरेला येतो, म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ बरे. दुपट्टा आपल्याकडे कोणी विसरत नाही, तरी लिहून ठेवते.

पाणी माणशी दीड लिटर, आणि घरूनच भरून. वर मिळेल या भरवशावर चढू नका. डब्यात दशम्या, चटणी, संत्री.

हा डबा कशात ठेवायचा, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. गडावर वानरं खूप आहेत. हातात लोंबणारी प्लास्टिकची पिशवी म्हणजे त्यांच्या लेखी खाऊच. पिशवी नुसती कुरकुरली तरी ती वळून बघतात. आमच्यासमोर एका पोराच्या हातातली प्रसादाची पुडी वानराने अलगद बोटं उकलून नेली. पोरगं ओढाओढ करू लागलं असतं तर चावलं असतं. म्हणून सगळं पाठीवरच्या बॅगेत, चेन पूर्ण लावलेली, आणि खायचं ते खाली उतरून अंबाळ्याच्या घाटावर. वानरांना काही देऊ नका, त्यांची ती सवय पुढच्या माणसाला भोवते. संत्र्यांची सालं परत आणायला एक जुनी कापडी पिशवी ठेवा.

मोबाईल रात्रीच पूर्ण चार्ज करा, फोटोंसाठी आणि नृसिंहाच्या देवळांसाठी. केवल नृसिंह नि रुद्र नृसिंह ही दोन्ही वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकाच्या सुमाराची. आत अंधार असतो. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरला की लाल दगडातली आयाळ, पंजे, सगळं उठून दिसतं. तिथे पंधरा मिनिटं तरी राखून ठेवा. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता याच रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, देवाची भक्त होती, आणि त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचंच नगरधन.

पाणी दिसतं ते पूर्वेला. तटाशी उभं राहिलं की खाली घाटांनी वेढलेला अंबाळा, आणि पलीकडे टेकड्यांमधून पसरलेला खिंडसी. सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं नि पाणी पत्र्यासारखं चमकतं. टोपी पुढे पान असलेली घ्या आणि घाई करू नका. सूर्य वर चढला की पाण्याला निळा रंग येतो. माझा पाच वर्षांचा भाचा इथेच ओरडला होता, "मावशी, समुद्र!" त्याला दुर्बीण हवी होती आणि ती घरी कपाटात राहिली होती. तेव्हापासून ती बॅगेत सगळ्यात आधी जाते.