पूरकाळात बोट रस्त्याने नेताना तिच्या मोटारीची तयारी

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांकडे बोटी हलवण्याची घाई सुरू होते; म्हणून बोट, ट्रेलर आणि मोटार (बोटीच्या मागे बसवायचे, पंखा फिरवणारे इंजिन) यांची तपासणी त्याआधीच, पावसाने उघडीप दिलेली असताना उरकावी.

दोघांना उचलता येणारी लहान मोटार शक्यतो बोटीच्या मागच्या फळीवर लावून नेऊच नये. आपल्याकडच्या खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर मागे लोंबणारे ते वजन फळीला सतत हिसके देते, क्लॅम्पचे स्क्रू सैल होत जातात, आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मोटार उतरवण्यापूर्वी इंधनाची नळी काढून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, म्हणजे कार्ब्युरेटर जवळपास रिकामा होतो; मात्र त्या वेळी तिचा पाय (पंखा असलेला खालचा भाग) पाण्याच्या पिंपात बुडालेला हवा, कारण कोरडी चालवल्यास पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर लवकर खराब होतो. मग ती उभी धरून पायातले पाणी पूर्ण निथळू द्यावे.

गाडीत आडवी ठेवताना इंजिनाचे डोके पंख्यापेक्षा उंच राहिलेच पाहिजे, कारण उतार उलटा झाला तर आत उरलेले पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरपर्यंत जाऊ शकते. फोर-स्ट्रोक मोटारीत तेलाचा साठा असल्याने ती कोणत्या कुशीवर ठेवायची हे तिच्या पुस्तिकेत पाहून ती बाजू रंगाने ठळक खुणावून ठेवावी. भर पावसात, बॅटरीच्या उजेडात पुस्तिका चाळायला कोणाला सवड मिळणार? खाली जाड फोम घालून दोन पट्ट्यांनी ती बांधावी, आणि पट्टा कव्हरवर किंवा हँडलवर आवळू नये.

मोटार फळीवर ठेवणे अटळच असेल, तर रस्त्यापासून पुरेशी उंची मिळत असल्यास ती उभीच ठेवावी. उंची कमी पडत असल्यास ती तिरकी करून पाय आणि ट्रेलर यांच्यामध्ये आधाराचा दांडा बसवावा. मोटारीला तिरकी धरून ठेवणारी तिची स्वतःची टेकण-कडी प्रवासाचे धक्के सोसण्यासाठी नसते. क्लॅम्प आवळून साखळी अडकवावी, आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून दोन्ही पुन्हा तपासावेत.

ट्रेलरच्या टायरमधील हवा, चाकांचे नट, मागचे दिवे आणि हिचची (गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडाची) सुरक्षा-साखळी पाहावी. इंधनाची टाकी काठोकाठ भरू नये, प्रवासात तिच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद ठेवावा आणि ती माणसे बसलेल्या बंद केबिनमध्ये कधीही नेऊ नये. टू-स्ट्रोकसाठी पेट्रोल-तेलाचे ५०:१ प्रमाण सांगितले असेल, तर लिटरला २० मिली तेल आधीच मिसळून डब्यावर तसे लिहावे.

जादा प्लग, प्लग-पाना, पंख्याची शिअर पिन (पंखा आदळल्यास आधी तुटणारी खीळ) आणि बोटीच्या तळाचे बूच एकाच डब्यात असावे. मोटार बंद करणारी सेफ्टी कॉर्ड मात्र चालकाने गाडी सुटण्यापूर्वीच स्वतःच्या लाइफ जॅकेटला अडकवून घ्यावी, कारण ती नसेल तर बऱ्याच मोटारी सुरूच होत नाहीत.